पॅनलच्या आदल्या दिवशी अत्तर

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी, जुना जालना भागातल्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी साखरपुडा चालू असताना, नियोजित वधूने होणाऱ्या सासूच्या हातून अत्तर लावून घ्यायला नकार दिला. वधूचं नाव प्रतिभा. ती आमच्या कंपनीत व्हिस्की चाखण्याचं काम करत होती आणि मी तिचा वरिष्ठ होतो. अत्तर नको हा नियम माझा होता. प्रसंग घडला तेव्हा मी चार खुर्च्या सोडून बसलो होतो.

आधी काम काय ते सांगतो. निवृत्त झाल्यावरही लोक मला ते विचारतात, आणि विचारताना एक डोळा बारीक करतात.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी माल्ट व्हिस्की करायची. जव भिजवून त्यांना मोड आणायचे, ते सुकवून भरडायचे, गरम पाण्यात त्यांची साखर उतरवायची, ते पाणी आंबवायचं, तांब्याच्या भट्टीतून दोनदा गाळायचं आणि ओकच्या पिंपात काही वर्षं ठेवून द्यायचं. हे सगळं एकाच कारखान्यात आणि फक्त जवापासून झालं, तर त्याला सिंगल माल्ट म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत पिंप सावकाश पिकतं. आमच्याकडच्या उन्हात ते लवकर पिकतं, पण त्यातलं बरंचसं लाकडातून उडूनही जातं. तिकडे या तुटीला देवदूतांचा वाटा म्हणतात. आमचे कामगार सूर्यनारायणाचा वाटा म्हणायचे.

एकाच दिवशी, एकाच भट्टीतून भरलेली दोन पिंपंसुद्धा सारखी निघत नाहीत. कोणती एकत्र करायची, कोणती अजून ठेवायची, कोणती बाद करायची, हे यंत्र पूर्णपणे सांगू शकत नाही. त्यासाठी माणसं लागतात. या माणसांच्या गटाला पॅनल म्हणतात आणि मी त्याचा प्रमुख होतो.

तिथे मी पोहोचलो तो वर्तमानपत्रामुळे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी जालन्यातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो होतो. आमचे संपादक विशेषणं खोडायचे. 'भीषण अपघात' लिहिलं तर 'भीषण' जायचं आणि किती जण जखमी झाले ते विचारलं जायचं. पुढे कंपनीला रसायन शिकलेला आणि सरळ लिहिणारा माणूस हवा होता. तिथे गेल्यावर कळलं की काम तेच आहे. 'छान वास' हे मत झालं. 'मोसंबीची साल' ही बातमी झाली.

अडचण शब्दांची होती. वासांचा जो तक्ता परदेशातून आला त्यात हीदर, मार्झिपान, ख्रिसमस केक असं लिहिलेलं होतं. हीदर हे तिकडच्या माळरानावरचं झुडूप आहे. पॅनलवरच्या एकानेही ते पाहिलेलं नव्हतं, पण पहिले काही महिने सगळे जण इमानदारीने 'हीदर' लिहीत होते. मी तो तक्ता काढून टाकला आणि पुढे प्रत्येकाने नाकाने ओळखलेलं तेवढंच लिहायचं ठरवलं. मग भराभर शब्द आले आणि आमचा वेगळा तक्ता तयार झाला. काहिलीच्या कडेला लागलेला गूळ. बाभळीचा डिंक. लोणच्याची रिकामी बरणी. धुरकटलेलं दूध. पहिल्या सरावाला एकाने 'लग्नाच्या मांडवातली ताडपत्री' असं लिहिलं आणि बाकीच्यांनी पुन्हा ग्लास उचलून ती मान्य केली.

प्रतिभा आली ती नाकाच्या जोरावर. वडील रामभाऊ केदारखेड्याचे शेतकरी, मोसंबीची बाग असलेले. ती रसायनशास्त्रातच शिकली होती आणि प्रयोगशाळेत लागली होती. पॅनलच्या निवडीत तीन ग्लास देतात, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा ओळखायचा. तिने तो दरवेळी ओळखला. एकदा मी मुद्दाम तिन्ही सारखे ठेवले. ती म्हणाली, "सर, यात वेगळा कोणताच न्हाई. तुम्ही फसवून राह्यले."

पॅनल सकाळी, जेवणाआधी बसतं. भुकेल्या पोटी नाक तल्लख असतं. ग्लासवर काचेचं झाकण असतं. झाकण काढायचं, वास घ्यायचा, थोडं पाणी घालायचं, पुन्हा वास घ्यायचा, मग एक लहान घोट तोंडात फिरवून पीकदाणीत थुंकायचा. गिळायचं नाही. नियम आणखीही होते. पॅनलच्या आदल्या दिवसापासून कच्चा कांदा नको, तंबाखू नको, वासाचं तेल नको, गजरा नको, अत्तर नको. एकाच्या मनगटावरचं अत्तर सगळ्या खोलीचं नाक बिघडवतं. माझ्या घरी सकाळची उदबत्ती मी कामावर निघाल्यावरच लागायची. पत्नीने माझ्या नोकरीची सगळी वर्षं मोगरा फक्त रविवारी माळला, तोही सोमवारी पॅनल नसेल तरच. याबद्दल ती कधी बोलली नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिने एकदम तीन उदबत्त्या लावल्या.

साखरपुडा रविवारी होता आणि सोमवारी पॅनल होतं. साधं पॅनल नव्हतं. कंपनीचा पहिला सिंगल माल्ट बाजारात जायचा होता आणि त्यासाठीची पिंपं त्या दिवशी पक्की व्हायची होती. मी प्रतिभाला सुट्टी देऊ केली. ती म्हणाली, "चार वर्षं त्या पिंपांच्या मागं हाये मी. निवडायच्या दिवशी घरी बसू का?"

वर निखिल, त्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा, नगरपालिकेत अभियंता. त्याच्या घरी एक रीत होती. नव्या सुनेच्या उजव्या हातावर सासूने हिना अत्तर लावायचं, मगच अंगठी. अत्तरदाणी चांदीची, निखिलच्या आजीने हैदराबादेहून आणलेली. त्याच्या आई विमलबाई अत्तरदाणी घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आण हात. आमचा हिना लावला का आठ-पंधरा दिवस जात न्हाई, काय?"

प्रतिभाने हात मागे घेतला.

"काकू, आज नको."

"म्हंजे?"

"उद्या माझं पॅनल हाये. पिंपं निवडायची हायेत. अत्तर लावलं तर मला वास येणार न्हाई."

"कसली पिंपं?"

"व्हिस्कीची."

निखिलला हे माहीत होतं. मुलीकडच्यांनी त्याच्या घरच्यांना 'कंपनीत तपासणीचं काम' एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. निखिल काहीतरी बोलायला उठला, तेवढ्यात विमलबाईंनी अत्तरदाणीचं झाकण लावलं आणि ती पाटावर ठेवली. "मंग कार्यक्रम अर्धा राहिला," त्या म्हणाल्या. अंगठी डबीतच राहिली. जेवणं मात्र झाली. बासुंदी होती. रामभाऊंनी ताटाला हात लावला नाही.

मुलाकडच्या गर्दीत मला ओळखणारा एकच माणूस होता. निखिलचे मामा, अंबादासराव, बियाण्यांचे मोठे व्यापारी. आमची ओळख वेगळ्या कारणाने झाली होती. काही वर्षांपूर्वी ते एक परदेशी बाटली कापडात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले होते. ती भेट आलेली होती आणि त्यांचं म्हणणं होतं की माल नकली आहे.

"साहेब, दवाखान्याचा वास येऊन राह्यला. जखमेला लावतेत ना, त्या औषधाचा. अन् वरून जळकट. मी दोन कोंबड्या कापल्या, दोस्त बोलावले, अन् हे निघालं. बेइज्जती झाली."

मी वास घेतला. माल अस्सल होता. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. तिथे झाडं कमी, म्हणून जव सुकवायला दलदलीतली, झाडपाला कुजून झालेली माती वाळवून जाळत. त्या धुराचा वास जवाला लागतो आणि शेवटपर्यंत राहतो. जगभर लोक तोच वास शोधत जातात. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बाटली पुन्हा कापडात गुंडाळली आणि म्हणाले, "म्हंजे मी दोस्तांला सांगू का, की ही अशीच ऱ्हाती?" पुढे त्यांना तोच माल आवडायला लागला, असं त्यांनीच मला सांगितलं. दोस्तांना आवडला की नाही, याची खात्री करता आली नाही.

सोमवारी प्रतिभा वेळेवर आली. डोळे सुजलेले होते. रडल्याने नाक बंद होतं, म्हणून मी तिला बसू देणार नव्हतो. तिने आधी सरावाचे तीन ग्लास मागितले आणि वेगळा बरोबर ओळखला. मग बसली.

निवडीतल्या एका पिंपाच्या नमुन्यावर तिने लिहिलं, 'ओलं गोणपाट'. बाकी कुणीच तसं लिहिलं नव्हतं. मलाही तो वास आला नव्हता. मी दुसरा नमुना काढायला लावला. तिने पुन्हा तेच सांगितलं आणि पुढे जोडलं, "साधं गोणपाट न्हाई सर. सरकीचं पोतं."

आम्ही गोदामात गेलो. पिंपाचं तोंड लाकडी बुचाने बंद करतात आणि बूच घट्ट बसावं म्हणून त्याला स्वच्छ तागाचं कापड गुंडाळतात. कापड संपलं होतं आणि भरणाऱ्याने घरून आणलेल्या पोत्याचा तुकडा वापरला होता. घरी म्हैस होती, पोतं सरकीच्या पेंडेचं होतं. तुकडा भिजून त्याचा वास माल्टमध्ये उतरला होता. ते पिंप बाजूला काढलं. ते बाकीच्या पिंपांत मिसळलं असतं तर सगळा पहिला माल सरकीच्या वासाचा झाला असता. संध्याकाळपर्यंत निवड पूर्ण झाली.

पुढचे काही दिवस विमलबाईंकडून निरोप आला नाही. रामभाऊ एकदा कंपनीच्या फाटकावर येऊन गेले. मला म्हणाले, "साहेब, पोरीला म्हणलं, माफी मागून टाक. तर म्हणती, मागते, पण कामाची न्हाई, हात मागं घेतल्याची. ह्यात फरक काय ते मला समजून सांगा." मी समजावून सांगितलं. त्यांना पटलं असं दिसलं नाही. निखिल रोज फोन करत होता. लग्न झालं तर तिच्याशीच, असं त्याने आईला सांगितलं होतं.

त्यानंतर अंबादासराव माझ्याकडे आले.

"आक्काला मी सांगितलं, पोरगी पीत न्हाई, थुंकती. तर म्हणली, थुंकायचा पगार कोण देतंय? मला येडी समजून राह्यला का? मंग मी म्हणलं, चल, दाखवतो. तर म्हणली, चल."

"त्या कारखान्यात येणार?"

"बिलकुल. तुम्ही नाही म्हणू नका, जल्दी तारीख सांगा. आक्काचा इरादा बदलायला टाइम लागत न्हाई."

मी परवानगी काढली. गुरुवारी सकाळी विमलबाई, अंबादासराव आणि रामभाऊ आले. फाटकावरच अडचण झाली. विमलबाईंच्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता आणि पहारेकऱ्याला नियम पाठ होता. तो म्हणाला, "मावशी, गजरा हितं काढून ठेवावा लागंल."

विमलबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझा?"

"सगळ्यांचाच," मी म्हणालो. "माझ्या बायकोलासुद्धा हाच नियम आहे."

त्यांनी गजरा काढला. मग पिशवीतून रुमालात बांधलेली एक वस्तू काढून गजऱ्याशेजारी ठेवली. "मंग हेबी हितंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. रुमालाच्या आकारावरून ती अत्तरदाणी होती. पहारेकऱ्याने दोन्ही वस्तू खिडकीत ठेवल्या. अंबादासरावांच्या खिशातून तंबाखूची डबी निघाली. तीही खिडकीत गेली.

तुलनेसाठी आम्ही वेगवेगळ्या प्रदेशांतले माल्ट ठेवत असू. प्रतिभाने ते ओळीने मांडले आणि प्रत्येकापुढे पीकदाणी ठेवली. विमलबाई म्हणाल्या, मी तोंडाला लावणार नाही. प्रतिभा म्हणाली, "लावू नका काकू. नाकानंच निम्म्याच्या वर काम होतं. फक्त नाक आत खुपसू नका, तोंड थोडं उघडं ठेवा."

पहिला ग्लास स्पेसाइडचा. ही स्कॉटलंडच्या ईशान्येकडची नदीकाठची जागा, तिथला माल बहुधा फळांच्या वासाचा आणि सौम्य असतो. विमलबाईंनी झाकण काढलं, मान मागे घेतली, पुन्हा पुढे आणली.

"पेरू हाये. जास्त पिकलेला. टोपलीत खाली राहिलेला."

प्रतिभाने ते लिहिलं.

दुसरा हायलँडचा, म्हणजे डोंगराळ भागातला. "मधाच्या पोळ्याचं मेण. अन् वाळलेलं गवत." तिसरा कॅम्पबेलटाउनचा. हे समुद्रकाठचं लहान गाव, कधीकाळी भट्ट्यांनी भरलेलं. "ह्याला लोणच्याच्या खारासारखं कायतरी येऊन राह्यलं. अन् वंगण. शिवणयंत्राचं." चौथा आयलाचा. त्यांनी झाकण काढलं आणि लगेच लावलं.

"दवाखाना!"

"म्हणलो न्हवतो का मी?" अंबादासराव म्हणाले.

"तू गप. पुन्हा दे गं." त्यांनी पुन्हा वास घेतला, या वेळी डोळे मिटून. "न्हाई. दवाखाना पुढून हाये. मागून चूल हाये. पाणी मारून इझवलेली."

रामभाऊ तोपर्यंत भिंतीशी उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "बघू." मग दोघांचा त्या चुलीवर वाद झाला. रामभाऊंच्या मते लाकूड बाभळीचं होतं, विमलबाईंच्या मते तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या होत्या. साखरपुड्यानंतर ते दोघे एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होते. प्रतिभाने दोन्ही नोंदी लिहिल्या.

शेवटचा ग्लास आमचा, त्या सोमवारी निवडलेल्या पिंपांचा. विमलबाईंनी त्याला बराच वेळ दिला.

"मोसंबीची साल," त्या म्हणाल्या. "अन् गूळ. काहिलीतला." मग प्रतिभाकडे पाहिलं. "हे तर आपलंच हाये की."

"व्हय काकू. हितलंच."

"अन् ह्याच्यात त्या दिवशी तू काय काढलं म्हणे? पोतं?"

"सरकीचं."

"माझ्या हाताचा हिना असता तर?"

"तर आलं नसतं."

विमलबाईंनी ग्लासवर झाकण ठेवलं. त्याच वेळी प्रतिभाची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"मामा, तुमची पीकदाणी कोरडी हाये."

सगळ्यांनी पाहिलं. पाचही ग्लास रिकामे होते आणि पीकदाणीत थेंब नव्हता. अंबादासराव म्हणाले, "यवढं महागाचं कोणी थुंकतंय का? मला जमंना. बेअदबी वाटती."

विमलबाई हसल्या. पदर तोंडाला लावला, तरी थांबेनात. "ह्याला घ्या नोकरीत," त्या मला म्हणाल्या. "चार दिवसांत कंपनी बंद." रामभाऊही हसले. साखरपुड्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग विमलबाईंनी प्रतिभाला एक घोट घेऊन थुंकून दाखवायला सांगितलं. तिने दाखवलं. बारीक, सरळ धार, एक थेंब बाहेर नाही. "आता पटलं," विमलबाई म्हणाल्या. "पगार असायलाच पायजे."

परत निघताना फाटकावरच्या खिडकीतून त्यांनी गजरा घेतला, माळला आणि रुमाल सोडला. अत्तरदाणी हातात घेऊन त्या प्रतिभासमोर उभ्या राहिल्या.

"उद्या पॅनल हाये?"

"हाये."

"परवा?"

"परवा सुट्टी, पण सोमवारी हाये."

"ते जमंना. आठ दिवस तर वास ऱ्हातोच. मंग पॅनल न्हाई कधी?"

प्रतिभाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाटल्या भरून झाल्या की. एप्रिलअखेर."

विमलबाईंनी अत्तरदाणी पुन्हा रुमालात बांधली. "अंबादास, भटजीला सांग, मुहूर्त मे महिन्यातला काढ. त्याच्या आधीचा बिलकुल नको." मग प्रतिभाला म्हणाल्या, "अंगठी मात्र आज संध्याकाळी घालून घे. तिला वास न्हाई."

पहिला माल एप्रिलमध्ये बाटल्यांत भरला गेला. मागच्या लेबलवर वर्णन छापलं जातं. मी तिथे दोनच गोष्टी लिहिल्या, मोसंबीची साल आणि काहिलीचा गूळ. विक्री विभागाने त्यात 'मोहक' हा शब्द घातला होता. मी तो खोडला. आयलाच्या नमुन्यापुढे आमच्या तक्त्यात अजून 'विझवलेली चूल, बाभूळ किंवा तुराट्या' असंच आहे. पाच ग्लासांनंतर अंबादासराव घरी कसे गेले, तर रामभाऊंच्या गाडीत, मागच्या सीटवर, झोपून.

लग्न मे महिन्याच्या शेवटी जालन्यात झालं. पॅनलवरचे सगळे आले होते. उन्हाळ्यात लोक खस लावतात, पण विमलबाईंनी हिनाच आणला होता, कारण राहिलेला होता तो हिना. त्यांनी झाकण काढलं. प्रतिभाने हात आधीच पुढे केला होता. विमलबाईंनी उजव्या हाताला लावलं आणि मग, रीत नसताना, डाव्या हातालाही.

सुट्टी संपवून प्रतिभा जूनच्या पहिल्या आठवड्यात कामावर आली. दोन्ही हातांना हिन्याचा वास होता. त्या दिवशी तिला पॅनलवर बसवलं नाही.